पर्यटनस्थळांची वाढती शुल्कं : गर्दी कमी होते की फक्त आपला खिसा?

सांजवारा

पुढच्या वर्षी आईबाबांना घेऊन युरोपात जाऊन यायचं, हे बरेच दिवस मनात आहे. आई एकाहत्तरची, बाबा पंचाहत्तरचे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. रविवारी वही उघडून खर्च मांडायला बसले. विमान, राहणं, रेल्वे हे रकाने ठरलेलेच होते. या वेळी एक नवा रकाना आखावा लागला आणि तो भरता भरता पान संपलं.

व्हेनिसला एका दिवसासाठी गेलं तर माणशी ५ युरो, आणि ऐनवेळी पैसे भरले तर १०. ॲम्स्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर. बार्सिलोनात कातालोनिया प्रांताचा कर आहेच, वर शहराचा अधिभार, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये माणशी दर रात्री ४ युरो झाला. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसचं तिकीट २० वरून ३० युरोंवर गेलंय. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या माणसाला ३२ युरो, आतल्याला २२. रोमच्या त्रेवी कारंज्याच्या अगदी काठाशी उतरायचं तर २ युरो. एकेक आकडा लहान दिसतो, पण सहा माणसांनी गुणल्यावर मी पेन खाली ठेवलं.

प्रत्येक ठिकाणी कारण एकच सांगितलंय, पर्यटकांची अतिगर्दी. ते कारण मला पटतं. गर्दी मीही पाहिली आहे. माझा प्रश्न दोन भागांत आहे. पहिला, या पैशांनी गर्दी खरंच कमी होते का? दुसरा जास्त छळतोय. कमी होत असेल, तर कमी होणारी माणसं कोणती? बाबांची सगळी नोकरी कारकुनाची. शाळेत असताना त्यांनी एका पुस्तकात व्हेनिसचं चित्र पाहिलं होतं, दारातून निघालेल्या पायऱ्या थेट पाण्यात उतरताहेत असं. पायऱ्या पाण्याखाली कुठपर्यंत जातात, हे ते अजून विचारतात. शुल्क वाढत गेलं तर रांगेतून पहिला बाहेर पडणारा माणूस त्यांच्यासारखाच असेल ना?

कुणी जाऊन आलं असेल, कुणी तिथे राहत असेल, तर लिहा.

पायपीट

चांगला धागा. आम्ही २०२४ च्या मे महिन्यात एका शनिवारी व्हेनिसला गेलो होतो, शुल्क सुरू झाल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता (२५ एप्रिलला सुरू झालं). मुक्काम जवळच्या पाडोव्हा शहरात, त्यामुळे ५ युरो भरावे लागले. सांता लुचिया स्टेशनच्या बाहेर जॅकेट घातलेली मुलंमुली उभी होती, मोबाइलवरचा क्यूआर कोड बघून पुढे सोडत होती. सगळं सभ्यपणे आणि झटपट.

पण पहिल्याच पुलावर जे पाहिलं ते विसरता येत नाही. एक वयस्कर बाई बाजारातून आल्या होत्या, चाकांची पिशवी घेऊन. पूल म्हणजे पायऱ्याच. प्रत्येक पायरीवर कुणीतरी फोटोसाठी उभं. त्या दोनदा "पेरमेस्सो" म्हणाल्या, म्हणजे जाऊ द्या जरा. तिसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत, पिशवी छातीशी उचलून धरली आणि कठड्याला अंग घासत गेल्या. वाट अडवणाऱ्यांत मीही होतो, हातात कॅमेरा होता. आमच्या ५ युरोंनी त्या बाईंना त्या दिवशी काही मिळालं असं मला वाटत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: निदान मला तरी गर्दी कमी वाटली नाही. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चारनंतर शुल्क नाही, हे माहीत असलेले लोक चार वाजताच येतात.

उंबरठा

पायपीट, म्हणजे तुम्हीच उत्तर दिलंत. हा सरळ सरळ महसूल आहे. गर्दीचं नाव पुढे केलं की कुणी विरोध करत नाही. शेंगेन व्हिसाचं शुल्कही जून २०२४ मध्ये ८० वरून ९० युरो झालं. दारात पैसे, घरात पैसे, खोलीत पैसे. श्रीमंताला काही फरक पडत नाही, मध्यमवर्गीय मात्र दर वर्षी एक शहर यादीतून खोडतो.

आकडेमोड

उंबरठा, दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया, नाहीतर सगळा राग एकाच खात्यावर जमा होतो. व्हिसाचं शुल्क वाढलं ते महागाईच्या हिशेबाने, त्याचा गर्दीशी संबंध नाही. नेदरलँड्समध्ये राहण्यावरचा मूल्यवर्धित कर जानेवारी २०२६ पासून ९ चा २१ टक्के झाला, तोही देशाच्या तिजोरीसाठी. ॲम्स्टरडॅमचा १२.५ टक्के पर्यटक कर मात्र शहराचा आहे, आणि त्यात गर्दीचा विचार आहे. सांजवारा, तुमच्या वहीसाठी: १०० युरोंची खोली असेल तर १२.५ युरो पर्यटक कर, आणि मूल्यवर्धित कर वेगळा. हॉटेलच्या संकेतस्थळावर पहिल्या पानावर दिसणाऱ्या भाड्यात हे धरलंय का, ते बघून घ्या.

आता व्हेनिस. २०२४ मध्ये २९ दिवस शुल्क होतं, त्यातून सुमारे २४ लाख युरो जमा झाले. २०२५ मध्ये ५४ दिवस, आणि चार दिवस आधी नोंदणी न करणाऱ्याला दुप्पट. जमा सुमारे ५४ लाख, पैसे भरणारे सव्वासात लाखांच्या आसपास. म्हणजे दिवसाला सरासरी तेरा हजारांहून जास्त माणसं पैसे भरून आत आली. ही फक्त पैसे भरणारी. मुक्कामाला आलेले, कामाला येणारे, विद्यार्थी, १४ वर्षांखालची मुलं यांना शुल्क नाही. आणि मुख्य मुद्दा, किती माणसं आत सोडायची यावर मर्यादा कुठेच नाही. पैसे भरा आणि या. मर्यादा नसलेलं शुल्क हे तिकीट असतं, बांध नसतो.

त्याच वेळी दुसरी बाजूही बघा. व्हेनिसच्या मूळ बेटांवर १९५० च्या सुमारास पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रियाल्तो पुलाजवळ एका औषधांच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांच्या संख्येचा फलकच लावलेला आहे, २००८ पासून. आकडा खाली खाली जातोय. अशा शहराने काहीतरी करून बघितलं, तर मला त्यांचा राग येत नाही.

पायपीट

"मर्यादा नसलेलं शुल्क हे तिकीट असतं." अगदी हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

कडुनिंब

सांजवारा, व्यवहाराची एक गोष्ट. मेस्त्रेमध्ये राहिलात तरी व्हेनिसचं ते दिवसाचं शुल्क लागत नाही, कारण मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेतच येतं. तिथे हॉटेलात रात्रीचा कर भरावा लागतो, त्यामुळे सूट. पण सूट असली तरी शुल्काच्या दिवशी नोंदणी करून कोड घ्यावा लागतो. पाडोव्हाला राहिलात तर मात्र पैसे. रेल्वेने दोन्हीकडून येणं सोपं आहे.

आणि शुल्काचे दिवस साधारण एप्रिलपासून जुलैपर्यंत, तेही मुख्यतः शुक्रवार ते रविवार. हिवाळ्यात गेलात तर विषयच संपला.

निळी_खिडकी

खूप वर्षांनी लिहितेय इथे. मी बार्सिलोनात सहा वर्षं राहिले, पार्क ग्वेल या प्रसिद्ध बागेच्या उतारावरच्या वस्तीत. या धाग्यात आतापर्यंत सगळे पाहुण्यांच्या बाजूने बोलताहेत, म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहिते.

आमच्या चढावर एक छोटी बस यायची, ११६ नंबरची. छोटी म्हणजे खरंच छोटी, अरुंद गल्ल्यांतून जाणारी. त्या वस्तीत म्हातारी माणसं पुष्कळ, आणि चढ असा की सामान घेऊन चढणं त्यांना शक्यच नाही. माझ्या शेजारच्या आजी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायच्या. परतताना त्या थांब्यावर उभ्या राहायच्या आणि बस भरून यायची, पार्कला जाणाऱ्यांनी. दुसरी बस, तीही भरलेली. मी त्यांना काठी बगलेत धरून थांब्याच्या दांड्याला टेकून उभं असलेलं पाहिलंय. मला बघितलं की हात वर करून बोटं दाखवायच्या, आज किती बसेस गेल्या ते. तीन बोटं म्हणजे बरा दिवस.

पार्कच्या मुख्य भागाला तिकीट २०१३ पासूनच होतं. आत किती माणसं सोडायची यालाही मर्यादा होती. तरीही बसचं काही सुटलं नाही, कारण तिकीट पार्कच्या दारावर होतं, बसच्या दारावर नव्हतं. शेवटी रहिवाशांच्या मागणीवरून महापालिकेने २०२४ मध्ये ती बस गुगल मॅप्सवरून काढून घेतली. नकाशात शोधली तर ११६ दिसतच नव्हती. पर्यटक दुसऱ्या वाटेने जायला लागले. एक रुपयाही शुल्क न लावता.

घरांचं दुखणं त्याहून मोठं. महापालिकेच्याच आकड्यांप्रमाणे दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढली. आमच्या इमारतीत आठ घरं, त्यातली तीन पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिलेली. रात्री दोनला जिन्यात बॅगांची चाकं वाजायची. दर तीन दिवसांनी नवे चेहरे, चुकीची बेल वाजवणारे. त्यांची काही चूक नसायची, ते सुट्टीवर आलेले असायचे. पण कचऱ्याचा दिवस कोणता, लिफ्ट बिघडली तर कुणाला सांगायचं, वरच्या आजोबांनी दोन दिवस दार उघडलं नाही हे कुणाच्या लक्षात यायचं, हे सगळं शेजार असण्यावर चालतं. महापौर जाउमा कुल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातले असे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. इमारतीत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला होता. त्याच जुलैमध्ये काही मोर्चेकऱ्यांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या, ते जगभर दिसलं. मला ते आवडलं नाही. पण त्यामागे किती वर्षांचं साचलेलं होतं, ते जवळून पाहिलंय.

उंबरठा, ४ युरो जास्त वाटत असतील तर समजू शकते. पण महसूल हा शब्द ऐकला की मला त्या आजींची तीन बोटं आठवतात.

मनमोकळी

निळी_खिडकी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नकाशावरून बस काढण्याची युक्ती भारी आहे.

उंबरठा

निळी_खिडकी, माझा शब्द मागे घेतो, निदान बार्सिलोनापुरता. घरं परत मिळवणं हा खरा उपाय आहे, त्याला माझा पाठिंबाच. माझी हरकत दोन दरांना आहे. लूव्ह्रमध्ये तिथल्याला २२ आणि मला ३२. तेच चित्र, तीच रांग, मग जास्त पैसे का?

तळटीप

ताजमहालला भारतीयांना ५० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ११००. मुख्य समाधीकडे जायचं तर दोघांनाही २०० जास्त, आणि ते २०० डिसेंबर २०१८ मध्ये गर्दी आवरायलाच लावले. दोन दर आपल्याला नवे नाहीत.

उंबरठा

मुद्दा मान्य, तळटीप. तरी ताजच्या बाबतीत एक सांगता येतं की देखभाल देशातल्या करदात्याच्या पैशातून होते.

आकडेमोड

लूव्ह्रचंही तेच म्हणणं आहे :)

जपानमध्ये हिमेजीच्या किल्ल्याने मार्च २०२६ पासून शहरातल्या रहिवाशांना १००० येन आणि बाकी सगळ्यांना २५०० असं केलं. तिथे देशी-परदेशी भेद नाही, रहिवासी आणि पाहुणा इतकाच. मला हे जास्त न्याय्य वाटतं. टोकियोचा माणूसही तिथे पाहुणाच आहे.

रानवाट

मी डोंगर-जंगलवाला, शहरांपेक्षा तिकडचं सांगतो.

भूतानचं उदाहरण घ्या. १९७४ मध्ये पर्यटकांना दार उघडलं तेव्हापासून त्यांचं धोरण थोडे पाहुणे आणि चांगलं मोल असंच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी शाश्वत विकास शुल्क ६५ वरून थेट २०० डॉलर केलं, माणशी, दर रात्री. भारतीयांना १२०० रुपये. वर्षभरातच २०० चे १०० करावे लागले. कारण येणारे इतके कमी झाले की वाटाडे, हॉटेलवाले, गाडीवाले यांची चूल अडली. आम्ही २०२३ च्या वसंतात गेलो होतो. पारोच्या वरच्या मठाकडे जाणाऱ्या वाटेवर पाइनच्या सावलीत खोगीर घातलेली घोडी ओळीने उभी होती आणि त्यांना न्यायला कुणी नव्हतं. आमचा वाटाड्या म्हणाला, महिन्यातली ही माझी दुसरीच फेरी. शांतता आम्हाला फार आवडली, पण ती त्याच्या पोटातून आली होती.

रवांडातल्या पहाडी गोरिलांची गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये परवाना ७५० वरून १५०० डॉलर झाला. ऐकायला भयंकर वाटतं. पण तिथे आधी संख्या ठरते: एका कुटुंबाजवळ दिवसाला आठच माणसं, एकच तास. दर नंतर येतो. आणि उद्यानांच्या उत्पन्नातला वाटा आजूबाजूच्या गावांना जातो, तोही त्याच वर्षी ५ वरून १० टक्के केला. गोरिलांची संख्या वाढली आहे. म्हणून आकडेमोड यांच्या वाक्याला माझी जोड: आधी संख्या, मग दर, आणि पैसा कुठे जातो ते लोकांना दिसलं पाहिजे. यातलं एक जरी सुटलं तर लोकांना ती लूटच वाटते.

अर्थात १५०० डॉलर मी देऊ शकलो नाही. गोरिला पाहायचे राहिलेत. तरी ते आहेत, याचा आनंद आहे.

हिमरेषा

+१ रानवाट. जपानच्या फुजी पर्वताचा अनुभव तुमच्या म्हणण्याशी जुळतो.

२०२५ च्या जुलैमध्ये योशिदा वाटेने चढले. शुल्क ४००० येन, आदल्या वर्षी २००० होतं. दिवसाला ४००० माणसांचीच परवानगी. पाचव्या टप्प्यावर फाटक आहे, तिथे मनगटाला पट्टा बांधतात. दुपारी दोन ते पहाटे तीन फाटक बंद, वरच्या झोपडीत मुक्कामाची जागा राखून ठेवली असेल तरच सोडतात. माझ्यासमोर दोन तरुण मुलं दोन वाजून गेल्यावर पोचली. पैसे हातात घेऊन उभी होती. तिथल्या काकांनी कमरेत वाकून माफी मागितली, पण सोडलं नाही. ती पैसे दाखवत राहिली, काका वाकत राहिले.

कारण असं की पूर्वी लोक मुक्काम न करता रात्रभर सलग चढायचे, सूर्योदय गाठायचा म्हणून. अंगावर पातळ कपडे, वर थंडी, वाटेतच झोपणारे, मग सुटकेसाठी लोकांना धावावं लागायचं. फाटकाने ते थांबलं. तिथे ४००० येनपेक्षा ती दोन वाजताची वेळ जास्त काम करते. आम्ही झोपडीत आठ जण एका ओळीत झोपलो, रात्री अडीचला उठलो, आणि वर जाताना कुणाचा धक्का लागला नाही.

तळटीप

धाग्यावरची गर्दी बघता प्रतिसादांनाही वेळेची तिकिटं लावावीत :)

मनमोकळी

माझी वेळ दुपारी चारनंतरची, तेव्हा फुकट असतं :)

जुनंपान

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. पर्यटकांच्या गर्दीचा त्रास समाजमाध्यमांमुळे सुरू झाला असं बरेच जण म्हणतात. फ्रान्समधली लास्को गुहा १९६३ मध्येच बंद झाली. सतरा हजार वर्षांच्या आसपासची चित्रं, आणि ती बघायला येणाऱ्यांच्या श्वासामुळे भिंतींवर शेवाळ धरायला लागलं. श्वासामुळे! कुणी हात लावला नाही, नाव कोरलं नाही, फक्त उभं राहून पाहिलं. मग जवळच १९८३ मध्ये गुहेच्या मुख्य भागाची प्रतिकृती उघडली, २०१६ मध्ये जवळजवळ संपूर्ण गुहेची. मी प्रतिकृतीच पाहिली आहे आणि चित्रांतल्या बैलांसमोर उभं राहिल्यावर डोळे भरून आले. खरी नाही हे ठाऊक असूनही. काही ठिकाणी दर हा उत्तर नसतंच, दार लावणं हेच उत्तर असतं.

१९५० मध्ये जगभरात देशाबाहेर फिरायला जाणारे सुमारे अडीच कोटी होते. २०२४ मध्ये १४० कोटी. गावं तेवढीच आहेत. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटमध्ये जेमतेम साडेसातशे माणसं राहतात आणि गर्दीच्या दिवशी दहा हजार येतात. तिथल्या लोकांनी २०२३ मध्ये फोटोच्या जागेवर लाकडी कुंपणच घातलं होतं, नंतर काढलं.

कडुनिंब

जुनंपान, प्रतिसाद आवडला. क्रूझचा विषय कुणी काढला नाही अजून. एक मोठं जहाज बंदराला लागलं की तीन-चार हजार माणसं एकदम उतरतात, जेवण जहाजावरच, झोपायलाही जहाजावरच, गावात चार तास. गावाला गर्दी मिळते, पैसा मिळत नाही. ग्रीसने सांतोरिनी आणि मिकोनोस बेटांवर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर ऐन मोसमात २० युरो लावले ते जुलै २०२५ पासून. सांतोरिनीने दिवसाला ८००० क्रूझ प्रवाशांची मर्यादाही ठरवली. व्हेनिसने २०२१ मध्येच मोठी जहाजं सान मार्को चौकासमोरून जाऊ देणं थांबवलं. मला वाटतं शुल्काचं ओझं मुक्काम करणाऱ्या कुटुंबापेक्षा इथे जास्त असावं. सांजवारांचे आईबाबा चार रात्री राहतील, बेकरीतून पाव घेतील, दोनदा त्याच कॅफेत बसतील. त्यांच्यावर आणि चार तासांच्या पाहुण्यावर एकच नजर नको.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: संख्येवर मर्यादा नसेल तर नुसत्या पैशांनी गर्दी हटत नाही. दुसरा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. रानवाट, तुम्ही गोरिला न पाहता समाधानी आहात, मी तुमच्याकडून शिकतेय. पण जागा आठच असतील, तर त्या पैसेवाल्या आठांनाच का?

हिमरेषा

त्याला एक उत्तर म्हणजे सोडत. अमेरिकेत ॲरिझोनात 'द वेव्ह' नावाचे लाटांसारखे खडक आहेत. दिवसाला ६४ जणांना परवानगी आणि ती चिठ्ठ्या काढून. अर्जाला थोडे डॉलर लागतात, बाकी नशीब. अब्जाधीश आणि शिक्षक एकाच डब्यात. योसेमिटी उद्यानातल्या हाफ डोम या कड्यावर तारा धरून चढायलाही सोडतच आहे.

उंबरठा

सोडत उत्तम. पण सहा जणांचं कुटुंब, विमानाची तिकिटं आधी काढलेली, आणि सोडतीत नाव नाही. मग काय करायचं?

आकडेमोड

मधला मार्ग म्हणजे वेळेची तिकिटं, साध्या दरात, पण आधी येणाऱ्याला. ॲम्स्टरडॅमचं ॲन फ्रँकचं घर असंच चालतं. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची तिकिटं खुली होतात, फक्त ऑनलाइन. पैशांऐवजी चिकाटी लागते. इंटरनेट आणि कार्ड नसलेला माणूस इथेही मागे पडतो, हे खरं. पण तुमच्या बाबांकडे तुम्ही आहात.

निळी_खिडकी

सांजवारा, ऐकाल तर एक सुचवते. पाच शहरांऐवजी दोन करा आणि प्रत्येकात जास्त रात्री राहा. प्रवासाचा आणि धावपळीचा खर्च वाचतो, त्यात रात्रीचे कर निघून जातात. व्हेनिसमध्ये बेटावरच राहा, हिवाळ्याच्या तोंडाशी. खोलीचं भाडंही तेव्हा उतरतं. संध्याकाळी दिवसाचे पाहुणे निघून गेले की गल्ल्यांत फक्त पावलांचे आवाज राहतात. बाबांना पायऱ्या पाहायच्या आहेत ना? ओहोटीला कालव्याच्या कडेने चाला. पाणी उतरलं की खालच्या, एरवी बुडालेल्या पायऱ्या हिरव्यागार शेवाळासकट दिसतात.

पायपीट

पाणी चढण्याचे दिवस मात्र पाहून जा, शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला 'आक्वा आल्ता' येतं. २०२० पासून समुद्राकडच्या तोंडांवर मोसे नावाचे पाणी अडवणारे दरवाजे उचलतात, त्यामुळे पूर्वीइतकं पाणी शहरात शिरत नाही. तरी आईंना रबरी बूट घ्याच.

सांजवारा

ठरलं. व्हेनिस पाच रात्री आणि ॲम्स्टरडॅम चार, बाकी खोडलं. लूव्ह्रही गेलं, त्याचं वाईट वाटतंय. कराचा रकाना अर्ध्याहून कमी झाला. बाबांना ओहोटीचं वाचून दाखवलं तर त्यांनी वही मागून घेतली आणि त्यात भरती-ओहोटीच्या वेळा लिहायला एक पान आखलं.

निळी_खिडकी, तुमचा बसचा प्रतिसाद आईने स्वतः वाचला, चष्मा वर करून, फोन डोळ्यांजवळ धरून. तिला विचारायचंय, त्या आजींना आता बस मिळते का?

निळी_खिडकी

आईंना माझा नमस्कार सांगा. मागच्या महिन्यात फोन झाला होता. बस मिळते, बसायलाही जागा मिळते. ड्रायव्हरला त्या आता नावाने हाक मारतात. मुलीला मात्र भाडं परवडेना म्हणून ती शहराबाहेर राहायला गेली, तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे रविवारीच भेट होते. खालची ती तीन घरं अजून पर्यटकांकडेच आहेत. आजींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोव्हेंबर २०२८ असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.